दाराजवळची काच

कुरखेड्याच्या जंगलातला शंभर वर्षांचा डाकबंगला मोहफुलं वेचायच्या दिवसांत, भर दुपारी जळाला. छप्पर गेलं, आणि आत झोपलेला चौकीदार मंगरू बाहेर पडू शकला नाही, तोही गेला. पावसाळ्याआधी भिंती सावरायचं काम माझ्याकडे आलं. मी लटारू मिस्त्री, पोंभुर्ण्याचा. भुताखेतांशी माझं देणंघेणं नाही. माझा विश्वास चुन्यावर आणि ओळंब्यावर.

भिंतींना लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले. तीन भिंतींना तडे होते. प्रत्येक तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलत असेल तर काच तडकते. सात दिवस टिकली तर भिंत ठेवायची, नाही तर पाडायची, असं बांधकाम खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं.

दोन पट्ट्या टिकल्या, त्यातली एक दाराजवळची. मधल्या खोलीतली मात्र रोज सकाळी फुटलेली. ओळंबा लावून पाहिला, भिंत केसभरही हललेली नव्हती. चार पट्ट्या बदलल्या. पाचवी माझ्या डोळ्यांदेखत तडकली, वाऱ्याची झुळूकही नसताना. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

"पाडून टाकू," मी म्हणालो.

मंगरूचा धाकटा भाऊ इतवारी माझ्या हाताखाली चुना कालवत होता. तो उठला. "नोको, मिस्त्रीभाऊ. याच भिंतीपाशी सापडला तो. मी बोललो नाई म्हणून काचा फोडून राह्यला."

मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दादा, मोहाखालचा पाला मीच पेटवलो. विझेपर्यंत थांबलो नाई."

फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाला इथे सगळेच पेटवतात. मला त्याची फार कीव आली. "ऐकलं त्यानं," मी म्हटलं, "चल, हात चालव."

सहावी पट्टी सात दिवस टिकली. इतवारी रोज तिच्यावरून बोट फिरवायचा आणि रडायचा. भिंत वाचली.

आठव्या दिवशी सकाळी दाराजवळची काच फुटली होती.

"आता काऊन?" इतवारीनं विचारलं. "मी तं सारं सांगितलो."

मी फुटकी काच खरवडून काढली. दाराची कडी आतून अडकते, उघडत नाही, येऊन पाहून जा, असा निरोप मंगरूनं आगीआधी, माघात मला दोनदा धाडला होता. मी गेलो नव्हतो.

मी नवी पट्टी लावली. अंगठा काढायच्या आत ती तडकली.