फळा झालेला कपाटाचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. घराचा नव्हे हो, तेवढं नशीब कुठलं! स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या कपाटाचा. सुताराने मला पांढरा सनमायका लावला आणि म्हणाला, "पुसला की नवा." तेच माझ्या मुळावर आलं.

घरातली ताई, म्हणजे वहिनीची नणंद, कॉलेजात संख्याशास्त्र आणि कॅल्क्युलसमध्ये दोनदा आपटली होती. आता शेवटची खेप. यात गेली तर कॉलेज कायमचं बंद. म्हणून शिकवणीला सर ठेवले. त्यांनी घरभर फळा शोधला आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. झालं! रोज संध्याकाळी माझ्या पोटावर मार्कर.

"उतार म्हणजे बदलाचा दर. कळलं?" सर विचारायचे.

"हो," ताई म्हणायची. साफ खोटं! तिच्या जांभया थेट माझ्या अंगावर यायच्या. कळत मलाही नव्हतं, पण मी पडलो लाकूड. तिला काय झालं होतं?

माझ्या आतल्या बाजूला मात्र वेगळंच गणित चालायचं. तिथे वहिनी पेन्सिलीने बाळाचं वजन लिहायची, महिन्याला एक आकडा. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "सरासरीपेक्षा कमी आहे." तेव्हापासून वहिनी साखर काढायला मला उघडायची आणि आकडेच बघत राहायची. घरादाराला बिनसाखरेचा चहा!

परीक्षेला पाच दिवस उरले होते. शेवटी ताई स्वतःच साखर घ्यायला आली, तेव्हा तिला ते आकडे दिसले.

"वहिनी, हे काय गं?"

वहिनीला रडूच फुटलं. "माझंच दूध कमी पडत असेल. ही कधी पोचायची सरासरीला?"

ताईने मला धाडकन लावलं, माझ्यावर पाच ठिपके काढले आणि रेघेने जोडले. "अगं, सरासरी म्हणजे काय पास व्हायचे मार्क आहेत? साधारण अर्धी बाळं तिच्या खालीच असतात. तू नुसता आकडा बघतेस. चढ बघ! आठशे ग्रॅम, आठशे, सातशे, पाचशे."

"बघ, कमीच होतंय!"

"सगळ्याच बाळांचं होतं. दवाखान्याच्या कार्डावरची छापील रेघ बघ, तीही अशीच वाकलीय." बोलता बोलता ताई थबकली. "अय्या! बदलाचा दर म्हणजे हेच?"

सर दारात चपला काढत होते. "मग दोन महिने मी काय तुणतुणं वाजवतोय?"

"मग आधीच बाळावर शिकवायचं ना, सर!"

पुढचे चार दिवस सर बाळाला खांद्यावर घेऊन शिकवत होते. दूध प्यायच्या वेगावरून एकूण किती प्यायलं, ते रेघेखालचं क्षेत्रफळ. बाळाने सरांच्या सदऱ्यावर त्यातलं थोडं परतही केलं.

डॉक्टरीणबाई कार्ड बघून म्हणाल्या, "आपल्या चालीने छान वाढतंय." त्या दिवशी चहात साखर दुप्पट.

निकालात ताईला शंभरपैकी सत्तेचाळीस. पास! वहिनीने मला उघडलं, पेन्सिल घेतली आणि वजनांच्या रांगेत तोही आकडा लिहून टाकला: २.६, ३.४, ४.२, ४.९, ५.४, ५.९, ४७.

तेव्हा बाहेरून मला खुशाल पुसा. आतून मात्र फडकं लावू नका. कुणी उघडून विचारलंच, तर मी सांगेन: आमचं बाळ एका महिन्यात सत्तेचाळीस किलोचं झालं. आता बोला म्हणावं त्या नर्सला!