हारुन मिस्तरींचा ओळंबा

प्रेमचंद शेठ लोणखेड्याहून आले, तेव्हा हाजराबीच्या मुलाने, जुबेर मिस्तरीने, कागद लिहूनच ठेवला होता. दुकानाला रुंद शटर बसावे म्हणून शेठना पुढचे दोन खांब नको होते. ‘खांबांशिवाय स्लॅब पेलणार नाही, तरी शेठच्या सांगण्यावरून काम करतो,’ एवढाच मजकूर. खाली सहीपुरती जागा.

शेठ हसले. “भाभी, हारुनभाईनी मन्हा बापकडे कधी कागद मांगा व्हता का? इंजिनीअरले मी इचारेल शे. जबाबदारी मन्ही!”

हाजराबीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिच्या वारलेल्या मालकांनी, हारुन मिस्तरींनी, चाळीस वर्षे शहाद्यात घरे बांधली. त्यांचा करार म्हणजे त्यांचा ओळंबा. दोरीचे टोक घरमालकाच्या हातात, वजन यांच्या तळहातावर, आणि दोघांनी शर्ती मोठ्याने बोलायच्या. बोललेले कधी फिरले नाही.

“बापाची अब्रू घालवतोस?” तिने पेटीतून ओळंबा काढला आणि चहाची किटली त्या कागदावरच ठेवली.

“अम्मी, ते दिवस गेले.”

“माणसं तीच आहेत.”

जुबेरने वजन तळहातावर घेतले. दोरी शेठनी धरली.

पुढे स्लॅब ओतला गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात खालचे टेकू काढताना समोरचा सगळा भाग खाली आला. धडगावकडचा मजूर रेवजी त्याखाली चिरडून मेला. त्याची बायको रूपलीबाई पलीकडे वाळू चाळत होती. त्याला बाहेर काढेपर्यंत चाळणी तिच्या हातातच होती.

पोलिसांनी जुबेरला नेले. हाजराबी शेठच्या दारात गेली.

“मी कव्हय सांगं खांब काढाले? मिस्तरीनं काम मिस्तरीले माहीत.”

तिने ओळंबा पुढे धरला.

“दोरी साक्ष देई का, भाभी?”

तेव्हा तिला कागद आठवला. ओळंब्याबरोबर तिनेच पेटीत टाकलेला तो तळाशी सापडला. धावतपळत तिने तो ठाण्यात नेला.

जमादाराने दोनदा वाचला. “अक्षर कोणाचं?”

“माझ्या जुबेरचं.”

“शेठची सही?”

“सही नाही. पण त्यानं आधीच बजावलं होतं, बघा ना!”

“तेच बघतोय, मावशी. स्लॅब पेलणार नाही हे याला ठाऊक होतं. तरी माणसं खाली उभी केली.”

हाजराबीने टेबलावरून हात पुढे केला. “द्या तो परत.”

जमादाराने किटलीच्या गोल डागातूनच टाचणी घातली आणि फाईल मिटली.