खटल्यातला पाचवा कागद

लोवेल ट्वेट यांनी अमेरिकेतल्या एलेन्सबर्ग गावात एकतीस वर्षं घरोघर टपाल वाटलं. त्यामुळे कोणी कोणाला काय पाठवावं याबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि न विचारता ती ऐकायला मिळत. निवृत्त झाल्यावर पुतण्याने त्यांना जुना कॉम्प्युटर आणून दिला, ईमेलचा पत्ता काढून दिला, आणि तिथून त्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला. रोज सकाळी साठ-सत्तर मेल येऊन पडलेले असत. केस उगवण्याचं औषध, घरावर कर्ज, रशियातल्या लग्नाळू मुली. सत्तरीला टेकलेल्या विधुर माणसाला यातलं काही नको होतं.

तरी ते रोज बघत, कारण त्यांना एका मेलची वाट होती. त्यांची मुलगी कॅरिन तीन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती. बायको गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी तिचा पियानो चर्चला देऊन टाकला होता, आणि तो आईने आपल्याला कबूल केलेला होता हे कॅरिनने सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण चूक झाली म्हणायला जीभ उचलली नाही, आणि कॅरिन शेजारच्या आयडाहो राज्यात निघून गेली. नंतर पाठवलेली दोन पत्रं परत आली, पिवळी चिठ्ठी लावून: घर सोडलं, नवा पत्ता कळवलेला नाही. अशा चिठ्ठ्या लोवेलनी हजारो डकवल्या असतील. आपल्याच अक्षरावर डकवलेली पहिल्यांदा पाहिली.

फेब्रुवारीत एक मेल आला. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, ‘खूप दिवस झाले’. लोवेलनी उघडताना चष्मा पुसला, हेही त्यांना नंतर आठवत राहिलं. आत कंबरदुखीवर चुंबकाचा पट्टा होता, एकावर एक फुकट. आणखी लाजेची गोष्ट म्हणजे त्यांची कंबर खरंच दुखत होती.

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता एकही अनोळखी मेल उघडायचा नाही. आणि या पट्टेवाल्याला सोडायचं नाही.

त्यांच्या वॉशिंग्टन राज्यात यासाठी कायदा होता. जाहिरात पाठवायला बंदी नव्हती, पण विषयाच्या ओळीत खोटं लिहून किंवा आपलं नाव लपवून पाठवली, तर ज्याला मेल आला त्याला एका मेलमागे पाचशे डॉलर मागता येत. अट एकच, मेल आपल्या राज्यातल्या माणसाला जातोय हे पाठवणाऱ्याला कळण्याची सोय हवी. त्यासाठी पत्त्यांची एक नोंदवही होती. लोवेलनी आपला पत्ता तिच्यात आधीच घातला होता. नियम असेल तिथे सही करून मोकळं व्हायचं, ही टपालखात्याची सवय.

पट्टेवाला शेजारच्या याकिमातलाच निघाला. डॅरेल क्लेव्ह त्याचं नाव. आधी उघडलेल्या त्याच्या मेलांत दर वेळी पाठवणाऱ्याचं नाव वेगळं असे, पण पट्टा तोच, आणि पैसे पाठवायचा पत्ताही तोच. लोवेलनी छोट्या दाव्यांच्या कोर्टात अर्ज भरला. तिथे वकील लागत नाही, ही त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट.

कोर्टाच्या कारकुनाने सांगितलं होतं, मेल कुठून कसा आला ते दाखवणारं पान आणि मजकुराचं पान, दोन्ही छापून आणा. लोवेलनी फेकलेल्या मेलांच्या ढिगातून त्या बेताचे पाच वेचले. ‘खूप दिवस झाले’, ‘तुमचा फोटो सापडला’, ‘कालच्या फोनबद्दल’, ‘अजून उत्तर नाही?’ आणि ‘अजून रागावला आहात का?’ न उघडता छापायची युक्ती शेजारच्या मार्जने शिकवली होती. पाचांना टाचण्या मारल्या, वर क्रमांक घातले, आणि मागचं पान उलटून बघितलं नाही. बघायचं काय? पट्टाच असणार.

चोवीस एप्रिलला सुनावणी झाली. न्यायाधीश रोझलिन पेटी या साठीच्या बाई, हातात पेन्सिल, घाई नाही. क्लेव्ह तिशीचा होता, इस्त्री केलेला शर्ट घालून आला होता, आणि लोवेलना वाटला होता तितका हलकट दिसत नव्हता. याचा त्यांना थोडा रागच आला.

क्लेव्हचं म्हणणं असं की विषयाची ओळ म्हणजे दुकानाची पाटी, लोकांनी आत यावं म्हणून असते. शिवाय या गृहस्थांनी जन्मभर लोकांच्या पेट्यांत पिझ्झाची कुपनं कोंबली.

“आजोबा, तुम्ही केलं ती नोकरी आणि मी केला तो गुन्हा, असं कसं?”

“त्यावर तिकीट असायचं,” लोवेल म्हणाले. “आणि कुपन हे कुपनच दिसायचं. लेकीचं पत्र असल्याचं सोंग घेऊन ते कधी कोणाच्या दारात गेलं नाही.”

लेकीचं पत्र हे शब्द तोंडून का निघाले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. न्यायाधीशबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि कागद क्लेव्हपुढे सरकवून विचारलं की हे तुमचेच ना. क्लेव्हने एकेक बघितला. चार आपले म्हणून कबूल केले. पाचवा त्याने परत ठेवला.

“हा माझा नाही.”

“का? यातही नाव भलतंच आहे,” लोवेल म्हणाले. “त्याच सुमारास आलाय. चार कबूल केले तर पाचवा कशाला नाकारतोस?”

“चार कबूल केले म्हणूनच सांगतोय. हा माझा नाही.”

न्यायाधीशबाईंनी पाचवा कागद घेतला आणि पान उलटलं. वाचताना त्यांची पेन्सिल खाली राहिली. मग त्या म्हणाल्या, “ट्वेट, हे तुम्ही वाचलंत का?”

“नाही, बाईसाहेब. मी ते वाचत नाही.”

“वाचा.”

कागद हातात आला. तारीख सहा मार्चची होती, पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं एक टोपणनाव.

‘बाबा, टपालवाल्यांच्या पत्रिकेत तुमचा हा पत्ता मिळाला. पियानोचं आता मनात काही राहिलं नाही. तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. पण तुम्ही अजून रागावला असाल तर उत्तर देऊ नका. मी समजेन, आणि पुन्हा त्रास देणार नाही. कॅरिन.’

लोवेलनी ते दोनदा वाचलं. सात आठवडे झाले होते. सात आठवडे त्यांची मुलगी असं समजून बसली होती की बाप रागावलेला आहे, आणि बापाने तिचं पत्र टाचणी मारून पुरावा म्हणून कोर्टात आणलं होतं. त्यांना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

बाईंनी निकाल तिथेच दिला. चार मेल फसवे, दोन हजार डॉलर क्लेव्हने द्यावेत. पाचवा दाव्यातून वगळला. “हे पत्र तुमचं आहे,” त्या लोवेलना म्हणाल्या. “फायलीत ठेवायचं नाही. घरी घेऊन जा.”

बाहेरच्या व्हरांड्यात क्लेव्ह कोट चढवत होता. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याकडे जावं अशी रीत नाही, पण लोवेल गेले.

“तुझा नाही हे तुला इतक्या लगेच कसं कळलं?”

क्लेव्हला ते टोचून बोलतायत असं आधी वाटलं. मग त्याने सरळ सांगितलं. “मी तसं लिहिलंच नसतं. रागावलात का विचारलं की लोक दचकतात, उघडत नाहीत. ते धंद्याचं वाक्य नाही.”

“मग कुठलं उघडतात? समजा, ज्याने वाट बघणं सोडून दिलंय अशा माणसाला पाठवायचंय.”

क्लेव्हने लोवेलच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि त्याचा स्वर बदलला. “जे फक्त त्या एकाच माणसाला कळेल ते. मला ते जमत नाही. माझ्याकडे चार लाख पत्ते आहेत, काका, आणि एकाचंही मला काही ठाऊक नाही.”

लोवेलनी मान हलवली. आभार मानले नाहीत, पण हात पुढे केला, आणि क्लेव्हने तो घेतला.

घरी येऊन ते कॉम्प्युटरपुढे बसले. आत लिहायचं पटकन सुचलं: राग नव्हता, पत्र बघितलं नाही, पियानोच्या बाबतीत मी चुकलो. तीन वर्षं अडलेला शब्द एका ओळीत मावला. अडलं ते वरच्या ओळीशी. ‘मी बाबा’ लिहिलं, खोडलं. ‘खूप दिवस झाले’ तर क्लेव्हने नासवून ठेवलं होतं. ‘कृपया वाच’ असले मेल त्यांनी स्वतः शेकड्यांनी फेकले होते.

मग त्यांना आपल्या टपालाच्या फेरीतला पाइन रस्ता आठवला. कॅरिन सात वर्षांची असताना उन्हाळ्यात शेवटचे दोन रस्ते त्यांच्याबरोबर चालायची, खात्याच्या नियमात बसत नसताना. तिथे एका घरी डचेस नावाची तपकिरी कुत्री होती. ती भुंकली की बॅगेमागे लपालपी चाले. विषयाच्या ओळीत त्यांनी लिहिलं, ‘पाइन रस्त्यावरची डचेस, जिला तू घाबरायचीस’. आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ते आलेला प्रत्येक मेल उघडू लागले. केसांचं औषध, कर्ज, रशियातल्या मुली, सगळं शेवटच्या ओळीपर्यंत. मार्ज म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. ते म्हणाले, असेल. रोज दीड तास जाई. सहाव्या दिवशी अठ्ठ्याहत्तर होते, आणि एकही तिचा नव्हता. सातव्या दिवशी उठावंसं वाटलं नाही, तरी उठले.

नवव्या दिवशी एकाची विषयाची ओळ कोरीच होती. पाठवणाऱ्याचं नाव त्यांना आता पाठ होतं. आत तीन ओळी होत्या.

‘डचेसला मी कधीच घाबरले नाही, बाबा. बॅगेमागे तुम्ही लपायचात. मी पुढे उभी राहायचे.’

खाली फोन नंबर होता.