बारावा तास

आमचे हे दर रविवारी चर्चमध्ये उभे राहून साक्ष देतात. तीन वर्षांपूर्वी प्रभूने ह्यांना हाताला धरून गुत्त्यातून बाहेर काढलं. ते अगदी खरं आहे आणि त्यासाठी मी रोज गुडघे टेकते. पण साक्षीचं पीक दर वर्षी वाढत गेलं. पहिल्या वर्षी साक्षीत बाटली होती, यंदा पिंप आलं. "मी महापापी होतो!" असं ह्यांनी छातीवर हात मारून म्हटलं की मंडळी पुढे सरकून बसते. पाळकांच्या प्रवचनाला पेंगणारेसुद्धा ह्यांच्या पापाला टक्क जागे असतात.

त्या रविवारी उपासना सुटल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई दारातच चपला शोधत होत्या. दीर जाऊन पाच वर्षं झाली. आता त्या एकट्याच शेत करतात. त्यांचं रान आमच्या रानाला लागून आहे.

"भाऊजी, साक्ष छान झाली," त्या म्हणाल्या. "पिंप तर फारच छान. पण त्यात माझा बांध कधी यायचा?"

ह्यांचा चेहरा उतरला. बांधाचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण चर्चच्या दारात कुणी काढलं नव्हतं. दर पेरणीला नांगरताना हे जाऊबाईंच्या बाजूला एक तास जास्त घ्यायचे. नांगराची एक ओळ, पाऊलभर रुंद. मग हद्दीचा दगड उचलून तेवढाच पलीकडे ठेवायचा. अशी अकरा वर्षं. आधीची आठ पिऊन, आणि पुढची तीन शुद्धीवर, सकाळची प्रार्थना करून. जाऊबाईंच्या कडेची गाडीवाट त्यात कधीच गिळली गेली. आता शेणखताच्या पाट्या त्या डोक्यावरून नेतात, अडुसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी.

"वहिनी, देवाने मला सगळं माफ केलंय," हे हळूच म्हणाले.

"केलं असेल की. मीही केलंय. पण माफीवरून गाडी जात नाही हो. पेरणीआधी खत पडलं नाही तर यंदा रान पडीक राहील. माझ्याच्यानं आता ओझं होत नाही."

घरी आल्यावर ह्यांनी हातपाय धुतले आणि एकदम खुलले.

"मला मार्ग दाखवला गेलाय! जसं घेतलं तसंच परत करायचं. दर वर्षी एक तास."

"अहो, अकरा वर्षांनी त्या एकोणऐंशीच्या होतील."

"प्रभू आयुष्य देईल ना! त्यांच्यासाठी प्रार्थना कर तू. एकदम अकरा तास सोडले तर आपल्या शेताला धक्का बसेल."

मी रोज पहाटे एक नेम धरते, दिवसभर आवाज चढवायचा नाही. म्हणून मी सरळ चुलीकडे गेले. ताट वाढलं, पाणी ठेवलं. ह्यांनी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली, आमेन म्हटलं, डोळे उघडले. ताटात एकच घास होता.

"हे काय?"

"बाकीचं उद्या, परवा, जमेल तसं. एकदम वाढलं तर पोटाला धक्का बसेल."

हे उठले, ओसरीवर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला धरला. बुधवारपर्यंत मी घासच वाढत राहिले. खोटं कशाला बोलू, ह्यांच्या मागे जेवायला बसले तरी मीही एका घासावरच उठत होते. त्या अकरा तासांचं धान्य मीही दळलं होतं, मीही खाल्लं होतं, वर देवाचे आभार मानून.

गुरुवारी सकाळी ह्यांनी फावडं खांद्यावर टाकलं. "चल. आणि वहिनींना हाक मार."

हद्दीचा दगड ह्यांनी छातीशी धरून उचलला. मग आमच्या रानात पावलाला पाऊल लावत मोजू लागले. एक, दोन, तीन. अकराव्या पावलाला घाम पुसत दगड खाली ठेवला.

"घ्या वहिनी. आता बांध घालतो."

"अजून एक," जाऊबाई म्हणाल्या.

"अकराच झालेत. मी स्वतः घेतलेत, मला ठाऊक नाही?"

"तुमचे दादा गेले त्या वर्षी दोन घेतलेत. मी घराबाहेर पडत नव्हते, तुम्हाला वाटलं कुणी बघणार नाही. महिन्याने आले तर तुरीची कडेची ओळ गेलेली."

"वहिनी, काहीतरीच! दादाच्या दुःखात मी..." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग गं वहिनींना."

आवाज न चढवण्याचा नेम मी इतका नीट पाळला होता की अकरा वर्षं आवाजच निघाला नव्हता. दीर गेले त्या वर्षी नांगरताना बैलांपुढे मीच चालत होते.

"दोन घेतले होते तुम्ही," मी म्हणाले. "मी मोजले होते."

गाडी तर अकरातही गेली असती, ते ह्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं. मग हे खाली वाकले. दगड जड होता, दोनदा हातातून निसटला. जाऊबाई पुढे झाल्या नाहीत, मीही नाही. बाराव्या पावलावर दगड टेकवून हे तिथेच मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडले. पिंपाच्या साक्षीत इतकी वर्षं ह्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

शनिवारी जाऊबाईंच्या रानात खताची गाडी गेली. बैल ह्यांनीच हाकले.

रविवारी हे उभे राहिले तशी मंडळी पुढे सरकली.

"मी वहिनींच्या रानातले बारा तास चोरले होते. परत केले." एवढं बोलून हे खाली बसले.

"एवढंच?" मागून कुणीतरी पुटपुटलं. "हल्ली ह्यांच्या साक्षीत काही राम राहिला नाही बाई!" म्हणणारीने लगेच जीभ चावली. पुरुषांच्या बाजूला मात्र खोकल्यांची साथ आली. ज्यांच्या ज्यांच्या रानाला बांध होता, त्यांना एकदम आपल्या पायांची बोटं बघावीशी वाटली.

"आणखी कुणाला साक्ष द्यायचीये?" पाळकांनी विचारलं.

कुणी हललं नाही. बाकावर मी भिंतीकडे आत बसले होते आणि माझ्या शेजारी जाऊबाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त दुखरे गुडघे बाजूला वळवले आणि मला बाहेर पडायला वाट करून दिली.