आंबट लागणारं पाणी

तिने ओट्याखालची तोटी बंद केली, पान्याने नळीचा आटा सैल केला आणि फिल्टरमध्ये उरलेलं पाणी बादलीत उतरू दिलं. बाबा गेले, आता घर रिकामं करायचं होतं. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी भांडी कागदात गुंडाळत होत्या.

"हा फिल्टर मात्र मी नेणार," ती म्हणाली. "बाबांसाठी माझ्या हातून एवढं एकच धड झालं."

पाणी तपासणं हेच तिचं काम. प्रयोगशाळेतून तिला सवड अशी मिळतच नसे. बाबांना हा आरओ फिल्टर तिनेच बसवून दिला, आणि पाठोपाठ त्यांचे फोन सुरू झाले. पाणी आंबट लागतंय. तिने समजावून सांगितलं की यात क्षार निघून जातात, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तेवढा मागे राहतो, म्हणून पीएच सातच्या खाली उतरतो. त्याने काही अपाय होत नाही, आणि जिभेला तर ते कळतही नाही. बाबा म्हणाले, मला कळतंय, तू येऊन बघ.

मग ती मीटर घेऊन यायची. दारातच बाबा मावशींना वर्दी द्यायचे, प्रयोगशाळाबाई आल्या, चहा टाका. भरून ठेवलेल्या पेल्यात ती मीटरची कांडी बुडवायची. क्षार नसलेल्या पाण्यात आकडा लवकर ठरत नाही, वरखाली होत राहतो. तेवढ्यात चहा व्हायचा, तिच्या साहेबांची नक्कल व्हायची, कधी आईचा विषय निघायचा. तिची नजर घड्याळाकडे वळली की बाबा हळूच म्हणायचे,

"घाई करू नकोस, ठमे. बसू दे त्याला निवांत."

फोन काही थांबेनात, तेव्हा तिने पाण्यात क्षार परत मिसळणारं कार्ट्रिज जोडलं. आकडा झटकन सातच्या वर जाऊन थांबला. बाबांनी एक घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला आणि मान डोलावली. गोड झालं हो, म्हणाले. तिला इतकं हायसं वाटलं की चहालाही न थांबता ती कामावर गेली. त्यानंतर पाण्यासाठी फोन आला नाही. सगळं बरं चाललंय, असं तिने गृहीत धरलं.

"निदान शेवटी तरी त्यांच्या पोटात चांगलं पाणी गेलं," ती आता म्हणाली.

मावशींचे हात थांबले. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की काका हे पाणी कधी प्यायलेच नाहीत. पहिल्यापासून नळाचंच, उकळून गार केलेलं. ताई यायच्या दिवशी तेवढा एक पेला यातून भरून ठेवायचे.

"मग आंबट लागतंय म्हणायचे ते?"

मावशींनी गुंडाळलेली वाटी उगाचच पुन्हा उलगडली.

"ते नवीन नळकांडं बसवलंत ना, त्यानंतर एकदा मला विचारत होते. मावशी, आता काय बिघडलं म्हणून सांगू तिला?"

बादलीत पडणारी धार बारीक होत थांबली. तिने पाना ओट्यावर ठेवला.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार, ताई. म्हटलं, मशीनच ते. बिघडेल की कधीतरी."

मग काका रोज सकाळी ओट्यापाशी येऊन फिल्टरची तोटी सोडून बघायचे, असं मावशी म्हणाल्या. फिल्टर मात्र नीट चालत राहिला.