बाबांची बेल

ताई ज्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं काम बघायच्या, त्याचा आराखडा सगळ्यांना खुला होता. कुणीही घ्यावा, घरी बोर्ड बनवावा, त्यावर दिवे लावावेत, मोटारी फिरवाव्यात. आराखडा फुकट म्हणजे ताईही फुकट, असा लोकांनी सोयीस्कर अर्थ काढला होता. सकाळपासून इंटरनेटवरच्या फोरमवर प्रश्न येऊन पडायचे आणि ताई घरबसल्या उत्तरं द्यायच्या. जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

त्यात आतल्या खोलीत बाबा. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला डावा हात. त्या हातासाठी ताईंनी घाईघाईत याच बोर्डाची बेल करून दिली होती. पलंगाच्या कडेला बटण, तिथून लांबलचक वायर, आणि बाहेर टेबलावर बोर्ड.

बेल वाजू लागली ती थांबेचना. ताई हातातलं टाकून धावायच्या. "पाणी हवंय? कूस बदलायची?" बाबा मानेनेच नाही म्हणायचे. परत येऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा बेल. शेवटी परवा त्यांचा तोल गेला. "काही नको असतं तर दाबता कशाला, बाबा? मी काय यंत्र आहे?"

तेव्हापासून बाबांनी हात पांघरुणाखाली घातला, तो घास भरवतानाही बाहेर काढेनात. रुसलेत, ताईंनी ठरवलं. बेल मात्र चालूच. मी पाठ वळवली की दाबतात आणि मी आले की हात लपवतात, लबाड कुठले!

आज एका नवख्याने विचारलं होतं, "बटणाला हात न लावता दिवा पेटतो. बोर्डात भूत आहे का?" असल्या प्रश्नांची उत्तरं ताईंना तोंडपाठ होती. त्यांनी लिहिलं, "भूत नाही. बटण दाबलेलं नसताना त्याला जोडलेली बोर्डाची पिन मोकळी राहते, हवेतलं काहीबाही पकडते आणि बोर्डाला वाटतं बटण दाबलंय. वायर लांब असेल तर जास्तच. एक रेझिस्टर लावून ती बांधून टाका. माझे वडील शिंपी. ते म्हणायचे, टोक मोकळं सोडू नये."

बेल वाजली.

ताईंची बोटं थांबली. त्यांनी समोरच्या बोर्डाकडे पाहिलं. पिनेतून निघालेली वायर सरळ आत गेली होती. रेझिस्टर नव्हताच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

त्या आत गेल्या. त्यांना पाहताच बाबांनी हात आणखी आत ओढला. तो रुसवा नव्हताच. बोलता येत नव्हतं, म्हणून ते परवापासून दाखवत होते की बघ, मी दाबत नाही. आणि खरंच दाबत नव्हते, गरज पडली तरी. चादर ओली होती, केव्हाची कोण जाणे.

ताईंनी चादर बदलली, त्यांचं अंग पुसलं. मग बाहेर जाऊन रेझिस्टर जोडला. बेल गप्प झाली. दुपार टळली तरी गप्पच. इतके दिवस जिचा कंटाळा आला होता ती आता वाजेना, हे ताईंना सोसवेना. त्या पलंगावर जाऊन बसल्या.

"बाबा, चूक माझी होती. बेल आपोआप वाजत होती. आता दाबा ना. उगाच दाबा."

बऱ्याच वेळाने हात बाहेर आला. बटणाशी येऊन थांबला. बाबांनी परवानगी मागितल्यासारखं लेकीकडे पाहिलं. ताईंना रडू फुटलं, तरी त्यांनी मान डोलावली.

बाहेर बेल वाजली.

"आले हं, बाबा," त्यांच्या उशाशी बसलेल्या ताई म्हणाल्या.