अ‍ॅडमिनचा खुलासा

सोमवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी हेमावती कोरे यांनी 'गावचं गणित' या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून एक मजकूर काढून टाकला. तो पडून सतरा मिनिटं झाली होती. तव्यावर चपाती होती आणि फोन ओट्यावर, स्पीकरवर.

पलीकडून उदयसिंह घोगरे बोलत होते. ग्रुपचे दुसरे अ‍ॅडमिन.

"मॅडम, आधी ते मेटकरींचं उडवा. चपात्या नंतर."

"काय टाकलंय त्यांनी?"

"मतदार, मतदान केंद्र, काय काय. आचारसंहिता लागून चार दिवस झालेत आणि हा गडी मतदानावर गणितं घालतोय. आपल्यात तीन केंद्रप्रमुख आहेत, शाळा तपासणारे, विसरू नका."

"मग तुम्हीच काढा की."

"मी काढलं तर म्हणतील, घोगरे अमक्या गटाचा. तुमचं नाव स्वच्छ आहे. तुम्ही काढलं की कोणी चकार शब्द काढत नाही."

हेमावतीबाईंनी ग्रुप उघडला. मजकूर लांब वाटला. शेवटच्या ओळींत 'मतदान' हा शब्द दोनदा दिसला. त्यांनी बोट दाबून धरलं, 'सर्वांसाठी काढा' निवडलं आणि चपाती उलटली. मजकुराच्या जागी त्यांच्या नावाची ओळ आली : अ‍ॅडमिन हेमावती यांनी हा मेसेज डिलीट केला.

पावणेआठला त्या स्कूटीवरून शाळेला निघाल्या. दिवसभरात ग्रुपवर त्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही.

बाई त्रेपन्न वर्षांच्या. सोलापूरपासून अठरा किलोमीटरवरच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवतात. घरात कानडी, वर्गात मराठी. कोरोनाच्या वर्षी, शाळा बंद असताना, त्यांनी चाळीस शिक्षकांचा हा ग्रुप काढला. आता सभासद नऊशे बारा आहेत. रिवाज एकच : रोज सकाळी सातच्या आत पाळी असलेल्या शिक्षकानं आपल्या गावातलं गणित टाकायचं. आकडे खरे हवेत. पुस्तकातले आंबे आणि पेरू चालत नाहीत. श्रीपूरच्या शिक्षकानं उसाच्या ट्रॉल्या मोजायला लावल्या, केमच्या बाईंनी रेल्वेच्या वेळापत्रकावर वजाबाकी घातली. दुपारपर्यंत ते गणित जिल्ह्यातल्या कित्येक फळ्यांवर गेलेलं असतं.

ग्रुपच्या माहितीत तीन ओळींचा नियम आहे. शुभेच्छा नाहीत. श्रद्धांजली नाही. राजकारण नाही. तिसरी ओळ मागच्या विधानसभेनंतर आली. तेव्हा दोन दिवस ग्रुपवर नुसती धुळवड झाली होती. त्रेसष्ट जण बाहेर पडले. एकाच शाळेतले दोन शिक्षक वर्षभर वेगवेगळ्या खोलीत डबा खात होते. शेवटी बाईंनी मत घेतलं. नियमाच्या बाजूनं वर केलेल्या हाताचं चिन्ह टाकणाऱ्यांत जोतिराम मेटकरी होते.

मेटकरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या कोरड्या तालुक्यात, लवटेवस्तीच्या शाळेत आहेत. मेंढपाळांची वस्ती. पटावर अठरा मुलं. शाळा दोन शिक्षकांची आहे, पण दुसऱ्या शिक्षकांना दुसरीकडे कामगिरीवर पाठवून आठ महिने झाले. वीसच्या आतल्या पटाची शाळा शेजारच्या शाळेत मिसळायची, अशी चर्चा वस्तीवर दिवाळीपासून होती.

मजकूर काढल्यापासून नवव्या दिवशी, बुधवारी, निवडणूक कामाचं प्रशिक्षण होतं. सोलापुरातल्या एका सभागृहात चारशे शिक्षक जमले होते. चहाच्या सुट्टीत मेटकरी कप घेऊन हेमावतीबाईंपाशी आले. दोघांची ही प्रत्यक्षातली पहिलीच भेट.

"मॅडम, मी लवटेवस्तीचा मेटकरी."

"अहो, या की. त्या दिवशी तुमचं..."

"त्येच बोलायचं हाय." त्यांनी खिशातून कागद काढला. "वाचा. दुसरा परिच्छेद."

ती त्यांच्या तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस होती. आचारसंहितेच्या काळात समाजमाध्यमावर राजकीय मजकूर प्रसारित केल्याचा ठपका होता. सोबत स्क्रीनशॉटची छापील प्रत होती, मजकुराच्या फक्त शेवटच्या भागाची. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं : 'सदर मजकूर राजकीय असल्याचे मान्य करूनच समूह प्रशासकांनी तो तात्काळ काढून टाकला आहे.'

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"मी असं काही मान्य केलेलं नाही."

"पण काडलंय की तुमी. माजं नाव, तुमचं नाव, दोनी हायत त्यात. दुसरा पुरावाच न्हाय त्यांच्याकडं."

"मेटकरी सर, नियम आहे आपला. तुम्हीच हात वर केला होता."

"व्हय, केला. आजबी करीन. पण गेल्या म्हयन्यात घोगरे सरांनी इमारतीच्या उद्घाटनाचे सत्तावीस फोटो टाकले. हार घातलेले, फेटे बांदलेले पुढारी. त्ये राजकारण न्हवतं व्हय? माझ्या पोरांचं चालणं मोजलं, तेवडं राजकारण?"

मेटकरींनी पिशवीतून टाचणवही काढली. कोणत्या दिवशी काय शिकवायचं याची ती वही प्रत्येक शिक्षकाकडे असते. मजकूर टाकण्याआधीच्या शनिवारच्या पानावर तीच तीन गणितं होती.

एक. बारा वर्षांपूर्वी आपल्या शाळेचा पट ४५ होता, आज १८ आहे. पट शेकडा किती घटला? दोन. जवळची दुसरी शाळा ३ किलोमीटरवर आहे. ताशी ४ किलोमीटर चाललो तर पोचायला किती मिनिटं लागतील? तीन. वस्तीचे २१४ मतदार आपल्याच शाळेत मतदान करतात. शाळा तीन किलोमीटरवर गेली, तर मतदानासाठी प्रत्येकाला जाऊन-येऊन किती चालावं लागेल? त्याखाली आणखी एक ओळ : मतं घ्यायला खोली लागते, मग शिकवायला का नको?

"ही शेवटची ओळ गणित नाही," बाई म्हणाल्या.

"न्हाय. ती आमच्या मायाक्काची हाय. तिसरीतल्या पोरीची आई. शनवारी फळ्यावरचं तिसरं गणित तिनं दारातनं ऐकलं आन् ईचारलं. मला उत्तर आलं न्हाय, म्हनून लिवलं."

बाई वहीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. तीन गणितं आणि एक ओळ, सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं वाचन. सोमवारी त्यांनी ते केलं नव्हतं.

"निलंबन झालं तर?"

"माजं काय, अर्धा पगार मिळल, अपील करीन. पण शाळंवर मी एकलाच. मी गेलो की कुलूप. एकदा कुलूप लागलं की पोरं तिकडं पाठवा म्हनतील, मग काडायला कोन येतंय?" त्यांनी कप खाली ठेवला. "तुमाला पत्र येनार हाय, खुलासा द्या म्हनून. काय लिवायचं त्ये तुमी ठरवा. मी सांगनार न्हाय."

घंटा झाली. आत मतदान यंत्राला सील कसं लावायचं ते दाखवायला सुरुवात झाली होती.

पत्र शुक्रवारी त्याच कार्यालयाकडून आलं. त्यात दोन प्रश्न होते. मजकूर राजकीय स्वरूपाचा होता काय? तो कोणत्या कारणास्तव काढण्यात आला? त्याच संध्याकाळी घोगरेंनी तीन ओळींचा मसुदा पाठवला : 'नियमबाह्य मजकूर आढळल्याने काढला. समूहाचा राजकारणाशी संबंध नाही. माहितीस्तव सादर.' पाठोपाठ फोन आला.

"ताई, एवढंच द्या. हो पण नाही, नाही पण नाही."

"नियमबाह्य म्हटलं की झालंच ना राजकीय?"

"ते त्यांनी ठरवावं. तुमची पाच वर्षं राहिलीत. पेन्शनची फाईल स्वच्छ ठेवा."

"आणि मेटकरींची?"

"हे बघा, मी त्याच्या वाईटावर नाही. पण नऊशे माणसांचा ग्रुप आहे. एका माणसापायी बंद पडला तर नुकसान कोणाचं? पोरांचंच."

बाईंना हे पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. राजकारण नको, हे त्यांचं मत आजही तेच होतं. भांडणं त्यांनी पाहिली होती. पण शाळेचा पट हे राजकारण की शिकवणं, याची रेघ कुठं ओढायची, ते नियमात लिहिलेलं नव्हतं. लिहिताना त्यांना स्वतःलाच ते सुचलं नव्हतं. उद्घाटनाचे फोटो त्यांनी पाहिले होते आणि त्याखाली लाइकचा अंगठा टाकला होता.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या एसटीनं मेटकरींच्या तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात गेल्या. बाहेरच्या बाकावर मेटकरी बसले होते. शेजारी हिरव्या लुगड्यातली, चाळिशीकडे झुकलेली एक बाई.

"ही मायाक्का," मेटकरी म्हणाले. "नको म्हनलं तरी आली."

"का नको? माज्या तोंडचं वाक्य, आन् मार मास्तरला?" मायाक्का उठून उभी राहिली. "ह्या त्याच व्हय, पुसनाऱ्या बाई?"

"व्हय. त्याच."

मायाक्कानं बाईंना खालून वर पाहिलं. "बाई, फळा पुसायच्या आदी पोरांस्नी ईचारता न्हवं, उतरून झालं का म्हनून?"

तिघंही आत गेले. टेबलावर चनमल्लप्पा नावाचे लिपिक होते. मायाक्कानं त्यांना सांगितलं, लिहून घ्या, ते वाक्य माझं आहे.

"तुम्ही ग्रुपवर आहात का, मावशी?"

"मी मेंढराच्या मागं अस्ती. ग्रुपवर कुटनं येऊ?"

"मग तुमचा जबाब घेता येत नाही."

"मत घेता येतंय न्हवं? मग जबाब का न्हाय?"

चनमल्लप्पांनी मेटकरींकडे पाहिलं. "सर, यांना बाहेर बसवा. आणि हे वाक्य कुठं टाकू नका."

खोलीत हसू फुटलं. मायाक्का हसली नाही. तिनं दारातच बैठक मारली.

हेमावतीबाईंनी घरून काहीही लिहून आणलं नव्हतं. घोगरेंचा मसुदा फोनमध्ये होता. त्यांनी कोरा कागद मागितला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला घेतलं. पाऊण तास लागला. शाळेतल्या फळ्यावर असतं तसं अक्षर, ओळी सरळ. चनमल्लप्पांनी कागद घेतला आणि ओठ हलवत वाचला.

'मजकूर राजकीय होता की नव्हता, हे मी त्या वेळी ठरवलेच नव्हते, कारण मी तो पूर्ण वाचला नव्हता. आता वाचला आहे. तीन प्रश्न गणिताचे आहेत. चौथी ओळ एका पालकाचा प्रश्न आहे. तो शाळेविषयी आहे. मी मजकूर नियमामुळे काढला नाही. मला भीती वाटली म्हणून काढला. त्यामुळे माझ्या काढण्यावरून श्री. मेटकरी यांचा दोष सिद्ध होत नाही.'

चनमल्लप्पा मराठी सोडून कानडीवर आले. आडनावावरून त्यांनी ओळखलं होतं. "अक्का, हे काय लिहिलंत?"

"खरं आहे ते."

"खरं असेल. पण भीती हे कारण आमच्याकडं चालत नाही. 'नजरचुकीने' लिहा. सगळे नजरचुकीने लिहितात. तुम्हीही सुटाल, तेही सुटतील कदाचित."

"नजर चुकली नव्हती. दिसलं होतं मला."

"साहेब विचारतील ना, भीती कशाची."

"विचारू देत."

चनमल्लप्पांनी आवक नोंदवहीत नंबर टाकला, शिक्का मारला आणि पोचेची प्रत बाईंच्या पुढं सरकवली. "सांगितलं नाही म्हणू नका, अक्का."

बाहेर मेटकरींनी पोच वाचली. घडी घालून ती परत देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली. मायाक्कानं विचारलं, "काय लिवलं?" मेटकरींनी सांगितलं. ती म्हणाली, "भ्याली म्हनून लिवलं? बाईमानसानं? आपल्या हातानं?" आणि पदराच्या गाठीतल्या शेंगा काढून बाईंच्या ओंजळीत घातल्या.

मंगळवारी, खुलाशाची बातमी लागल्यावर, घोगरेंनी ग्रुप सोडला. त्यांच्यामागं त्या दिवसात एक्केचाळीस जण गेले. बुधवारी नऊ नवे आले. रोजचं गणित चुकलं नाही.

मेटकरींची सुनावणी गुरुवारी झाली. ती वीस मिनिटं चालली. निर्णय राखून ठेवला आहे, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलं. शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी शाळा नेहमीच्या वेळी उघडली. हजेरी दोन्ही दिवशी अठराच्या अठरा होती.

शनिवारीच हेमावती कोरे यांच्या शाळेत त्यांच्या नावाचं दुसरं पत्र आलं. ते चार ओळींचं आहे. आपण खुलाशात नमूद केलेली भीती कोणाची व कोणत्या कारणास्तव वाटली, अशी भीती घालणाऱ्या व्यक्तीचे अथवा कार्यालयाचे नाव काय, याबाबत तीन दिवसांत लेखी कळवावे, असं त्यात म्हटलं आहे.

त्यांनी पत्राच्या पोचेवर सही केली, वेळ टाकली आणि वर्गावर गेल्या. चौथीचा भागाकार अर्धा राहिला होता.

नाव द्यायचं तर घोगरेंचं, नाहीतर विचारणाऱ्या कार्यालयाचंच द्यावं लागलं असतं. मंगळवारी मुदत संपली. सायंकाळी कार्यालय बंद होईपर्यंत त्यांचं उत्तर आवक नोंदवहीत आलेलं नव्हतं.